उष्ण रंग, शीत रंग आणि मळवलीचा छापखाना

होस्टेलच्या खोलीत नवा एलईडी बल्ब लावताना त्याचं खोकं कधी नीट वाचलंय का? ‘वॉर्म व्हाइट’वर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं आणि ‘कूल डेलाइट’वर ६५००. म्हणजे आकडा मोठा आणि नाव मात्र ‘कूल’! स्मिथी शॉपमध्ये लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, आणि आणखी तापलं तर पांढरं. फिजिक्सच्या हिशेबाने लाल कमी गरम आणि निळसर जास्त गरम. चित्रकाराचा हिशेब नेमका उलटा! त्याच्या दृष्टीने लाल, नारिंगी, पिवळा हे उष्ण रंग, कारण ते विस्तवाचे आणि उन्हाचे. निळा, हिरवा, जांभळट हे शीत, कारण ते पाण्याचे, सावलीचे आणि दूरच्या डोंगराचे. लोधिवलीहून माथेरानची रांग बघा. जवळची झाडं हिरवीगार, पण डोंगर निळे. म्हणूनच चित्रात शीत रंग मागे सरकतो आणि उष्ण रंग पुढे येतो.

हे सगळं मला ज्यांच्यामुळे समजलं ते राजा रविवर्मा. त्यांचा आपल्या भागाशीही संबंध आहे. इथून खोपोलीमार्गे घाट चढून लोणावळा गाठलं की पुढचं रेल्वे स्टेशन मळवली. तिथे त्यांचा छापखाना होता.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. लहानपणी कोळशाने घराच्या भिंती रंगवायचे. आपल्याकडे अशा पोराला मार मिळतो; त्यांना मात्र मामाने जवळ बसवून शिकवलं आणि चौदाव्या वर्षी त्रावणकोरच्या महाराजांकडे तिरुवनंतपुरमला नेलं. तैलरंग तेव्हा तिकडे नवीन होते आणि ज्यांना येत होते ते शिकवायला राजी नव्हते. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. नोट्स नाहीत, लॅब मॅन्युअल नाही... नुसतं बघून हा माणूस शिकला!

पुढे १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. १८८८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. १८९३ मध्ये शिकागोलाही चित्रं गेली आणि तिथेही गौरव झाला.

आता त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती डोळ्यांसमोर आणा. दोन्ही १८९६ च्या. लक्ष्मीची साडी लाल, अंगावर सोनं, आणि भोवती पाणी, कमळाची हिरवी पानं. गार रंगांच्या मधोमध ऊब ठेवल्यामुळे नजर आपोआप देवीवर जाते. सरस्वती पांढऱ्या साडीत, शेजारी मोर, सगळं शांत. ‘हंस-दमयंती’मध्येही तेच. लाल साडीतली दमयंती पुढे, मागची बाग हिरवी. लाल रंग एकटाच असता तर तो नुसता भडक दिसला असता. रंगाचं तापमान शेजाऱ्यावर ठरतं, हे मला या चित्रांवरून कळलं.

पण ही चित्रं राजवाड्यात. सामान्य माणसाने ती बघायची कुठे? त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव (तंजावरकडचे मराठी गृहस्थ!) यांनी सुचवलं होतं की चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या प्रती छापून घ्याव्यात. रविवर्मांनी छापखानाच इथे आणला. १८९४ मध्ये मुंबईत जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर घेऊन तो सुरू झाला. १८९६ पासून मुंबईत प्लेग होता; १८९९ मध्ये छापखाना मळवलीला हलला.

हे तंत्र शिळाछापाचं. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं. दगड ओला केला की छपाईची शाई फक्त तेलकट भागावर बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड! लालाचा एक, निळ्याचा एक... आणि एकच कागद सगळ्यांवरून जायचा. तो केसभर सरकला तरी ओठांचा रंग गालावर! तैलरंगात उष्ण छटेतून शीत छटेत सावकाश जाता येतं. इथे ते काम ठिपक्यांनी करायचं, आणि छटा वाढवायची तर दगड वाढला, म्हणजे वेळ आणि खर्चही वाढला. मूळ चित्रातला नाजूकपणा कुठेतरी सांडणारच.

पैसाही बुडाला. कर्ज वाढलं आणि शेवटी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०५ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ राजराजवर्मा गेला. चित्रांतही तो त्यांचा जोडीदार होता. २ ऑक्टोबर १९०६ रोजी स्वतः रविवर्मा गेले. छापखाना पुढे बरीच वर्षं चालला. १९७२ मध्ये त्याला मोठी आग लागली.

नंतर अनेक जाणकारांनी त्यांच्या कलेला कॅलेंडरछाप म्हणून नाक मुरडलं. मला ते पटत नाही. आपण इंजिनिअरिंगवाले रोज हाच हिशेब करतो. एकच उत्तम नमुना करायचा की थोडी कसर सोसून हजारो घरांत पोचेल असं काही करायचं? रविवर्मांनी दुसरा रस्ता धरला आणि त्याची किंमत स्वतःच्या खिशातून दिली. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर त्यामुळे लक्ष्मी आली.

गावी कुणाच्या घरी रविवर्मांची जुनी तसबीर दिसली तर जरा जवळ जाऊन बघा. रंगांचे ठिपके वेगवेगळे दिसतील. मग चार पावलं मागे या. लाल पुढे येईल, हिरवा मागे जाईल.