एकाच पिक्चरमध्ये ट्रम्पेट अन् अंगाई!

लग्नसराईत हिंगोलीच्या रस्त्यावर वरात निघाली की डीजेवाला काय लावील, याचा नेम नाही. पण बँड पार्टी असली अन् क्लॅरिनेटवाला जरा जुना माणूस असला, तर भगवानदादांचं एखादं गाणं वाजतंच. लगेच पोरं हात हलवत, एक पाय पुढं-मागं करत नाचायला लागतात. स्टेप कुणाची, हे सगळ्यांना माहिती असतं. चाल कुणाची, असं विचारलं की मग मोबाइल काढावा लागतो.

चाल सी. रामचंद्र यांची. नाव ऐकून मद्रासकडचे वाटतात ना? पण हा माणूस आपला मराठी. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १२ जानेवारी १९१८, गाव पुणतांबा. गोदाकाठचंच. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

अण्णा गाणं रीतसर शिकले. नागपुरात शंकरराव सप्रे, पुण्यात विनायकबुवा पटवर्धन. म्हणजे पाया पक्का शास्त्रीय. पण डोक्यात हिरो व्हायचं होतं. १९३५ मध्ये ‘नागानंद’ नावाच्या चित्रपटात नायकाचं काम मिळालंही, अन् तो पिक्चर आपटला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बारीकसारीक भूमिका आणि संगीत विभागात पेटी वाजवणं. हिरो व्हायला आलेल्या पोरानं पेटीवाला होणं सोपं नसतं. पण तिथंच त्यांची गाडी रुळावर आली. आधी तमिळ चित्रपटांना संगीत दिलं, १९४२ मध्ये भगवानदादांचा ‘सुखी जीवन’ केला आणि मग मागं पाहिलं नाही.

आता खरी गंमत. त्या काळात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जाझ वाजायचं. परदेशातून कृष्णवर्णीय वादक येत, त्यांच्या जोडीनं गोव्याची पोरं वाजवत. ही गोव्याची मंडळी गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला-लिहायला शिकलेली. रात्री हॉटेलात साहेबलोकांना नाचवायचं अन् दिवसा फिल्मच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग. त्यांच्यातलाच एक आल्डोन्याचा अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. ट्रम्पेट असा फुंकायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या गाण्यात सूर एकामागं एक चालतात. जाझमध्ये एका सुराखाली चार सूर उभे राहतात, ताल मध्येच अडखळल्यासारखा होतो अन् पुन्हा झेप घेतो. अण्णांची चाल आणि चिकचा बँड असं लग्न लागलं, ते १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये. ‘शोला जो भडके’ यूट्यूबवर बघा. या पिक्चरमध्ये पडद्यावरही चिकचा खराखुरा बँड दिसतो.

अन् त्याच ‘अलबेला’त ‘धीरे से आजा री’ ही अंगाई आहे. तिच्यात ट्रम्पेट नाही, उड्या नाहीत. वाटतं, हा दुसराच कुणी संगीतकार असावा. मला विचाराल तर अण्णा मोठे ते या दोन गाण्यांमधल्या अंतरामुळं. नुसतं धूमधडाका करणारे लई झाले.

त्यांनी चाली उचलल्या, हा आरोप जुनाच. ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ एडमुंडो रॉसच्या लॅटिन बँडच्या गाण्यावर बेतलेलं होतं, हे खरं आहे. मूळ गाणंही ऐका अन् स्वतःच ठरवा. पण १९५७ च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ कुठून उचलणार? सांगतात की म्युझिक रूमबाहेर खेळणाऱ्या पोरांच्या बडबडीवरून ते सुचलं, अन् जॉन गोम्स या गोव्याच्या साहाय्यकानं त्यात कोकणी ‘माका नाका’ घुसवलं. मला नको, असा त्याचा सरळ अर्थ. उभा देश न कळता ते गात बसला.

तेव्हा आकाशवाणीचं खातं होतं बा. वि. केसकर यांच्याकडं, म्हणजे मराठीच मंत्री. त्यांना फिल्मी गाणी हलकी वाटायची. रेडिओवरून ती गायब झाली अन् लोकांनी सुया रेडिओ सिलोनकडं फिरवल्या. एक मराठी माणूस गाणी बनवतोय, दुसरा ती बंद करतोय!

अण्णांचा झपाटाही जबरदस्त. ‘आझाद’ची गाणी महिनाभरात हवी होती. नौशाद नाही म्हणाले, अण्णांनी ती करून दिली. तलत महमूद वेळेवर मिळेनात, तर लतादीदींसोबतचं द्वंद्वगीत स्वतःच गायले. गाताना नाव लावायचे नुसतं चितळकर. पुढं दीदींशी बिनसलं. तरी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत नेहरूंसमोर दीदींनी गायलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चाल अण्णांचीच, शब्द कवी प्रदीप यांचे.

त्यानंतर मात्र हिंदीतलं काम आटत गेलं. ज्या ठेक्यावर त्यांनी लोकांना नाचवलं, त्याच ठेक्यावर नवी पोरं पुढं निघाली अन् अण्णांना कुणी बोलवेना. हे बोचलं नसेल का? ते मराठीकडं वळले. ‘घरकुल’ केला; त्यातलं ‘पप्पा सांगा कुणाचे’ अजूनही शाळेच्या गॅदरिंगला असतं. आणि केलं ‘गीतगोपाल’. गदिमांनी लिहिलेली कृष्णाची गाणी अण्णांनी स्वरबद्ध केली अन् स्वतः गायली. बँडवाला म्हणून ओळखलेला माणूस पुन्हा आपल्या मऊ, मोकळ्या आवाजाकडं आला होता. ‘गीतरामायणा’एवढी ती घराघरात गेली नाहीत. पण ‘अलबेला’तली ती अंगाई ज्याला आवडली, त्यानं ती शोधावीत.

१९७७ मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आलं. ५ जानेवारी १९८२ ला मुंबईत अण्णा गेले. चौसष्टाव्या वाढदिवसाला एक आठवडा उरला होता.