नमस्कार घालणारा राजा

पिंपरी-चिंचवडच्या मुलांपुढे औंधाचे नाव काढले, की त्यांना सांगवीसमोर मुळा नदीच्या पलीकडे असलेले औंध आठवते. त्याहून निराळे असे दुसरे औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. डोंगरावर यमाई देवीचे देऊळ आणि पायथ्याशी लहानसे गाव. स्वातंत्र्यापूर्वी हे गाव एका संस्थानाची राजधानी होते. संस्थान अगदी लहान. अवघी ७२ गावे, आणि तीही विखुरलेली. या संस्थानाच्या राजाचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. त्यांना चित्रकलेचा मोठा नाद होता. रामायणातील प्रसंगांची चित्रे त्यांनी स्वतः काढली. ते कीर्तनही करीत. राजाने हातात चिपळ्या घेऊन कीर्तनास उभे राहावे, हे दृश्य त्या काळी दुर्मीळच होते.

राजवाड्यात वाढणाऱ्या माणसाला अंग हलविण्याची फारशी गरज पडत नाही. हाक मारावी, तो चाकर पुढे उभा. ताटात गोडधोड, फिरायला गाडी-घोडा. अशा घरात व्यायाम टाळण्यास निमित्त शोधावेच लागत नाही. बाळासाहेबांनी मात्र तरुणपणीच शरीर कमावण्याचे मनावर घेतले. त्या वेळी युजेन सँडो या पहिलवानाचे नाव युरोपभर गाजत होते. आपण ज्या बिनबाह्यांच्या बनियनला सँडो म्हणतो, त्यात याच पहिलवानाचे नाव राहिले आहे. सन १८९७ च्या सुमारास बाळासाहेबांनी सँडोची पुस्तके आणि व्यायामाची सगळी साधने विकत घेतली आणि त्याने सांगितल्याप्रमाणे नेमाने मेहनत आरंभिली. हा क्रम त्यांनी एक-दोन महिने नव्हे, तर दहा वर्षे चालविला. नवी वस्तू आणावी, चार दिवस वापरावी आणि मग माळ्यावर टाकावी, ही रीत त्यांची नव्हती.

पुढे १९०८ साली, मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून, त्यांनी सूर्यनमस्कारांस प्रारंभ केला. दहा वर्षे अंगवळणी पडलेली सवय सोडून नवी धरणे सोपे नसते. वय चाळिशीला आलेले. पुढल्याच वर्षी, १९०९ मध्ये, राज्यकारभार त्यांच्या हाती आला. दरबार, कज्जे, हिशेब, पाहुणे, प्रवास हे सारे मागे लागले. वेळ मिळत नाही असे म्हणण्याचा हक्क कोणाला असेल, तर तो राज्य चालविणाऱ्या माणसाला. बाळासाहेबांनी तो हक्क वापरला नाही. नमस्कार घातल्यावाचून त्यांचा दिवस सुरू होत नसे.

सूर्याला नमस्कार घालण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. ती बाळासाहेबांनी काढली असे नव्हे. परंतु पूजेचा भाग म्हणून जे केले जाई, त्याला त्यांनी सर्वांगाच्या व्यायामाचे रीतसर रूप दिले. हात कोठे टेकावे, गुडघे केव्हा वाकवावे, श्वास केव्हा घ्यावा आणि केव्हा सोडावा, हे त्यांनी बारकाईने ठरविले. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत पुस्तके लिहिली. लोक व्यायाम का टाळतात, हे त्यांना चांगले ठाऊक होते. कोणी म्हणे पैसा नाही; नमस्काराला पैसा लागत नाही. कोणी म्हणे साधने नाहीत. स्वतःचे शरीर हेच साधन. कोणी जागेची अडचण सांगे. आडवे पडता येईल एवढी जमीन पुरते. जोडीदार नाही म्हणून कुस्ती राहते, पाऊस आला म्हणून धावणे राहते, पण नमस्कार यांपैकी कशावाचून अडत नाहीत. आज चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसालाही ही मांडणी लागू पडेल. त्याने आपला सूर्य फार तर संध्याकाळी उगवला असे समजावे.

राजेसाहेबांनी हा नेम स्वतःपुरता ठेवला नाही. राणीसाहेब नमस्कार घालीत, मुले घालीत. संस्थानातील शाळांतही त्यांनी नमस्कार सुरू केले. राजाज्ञेने मुलांना वाकविणे काही अवघड नाही. पण राजा स्वतः रोज घाम गाळतो, हे औंधातल्या पोरांना ठाऊक होते, आणि त्या आज्ञेचे खरे वजन तेथे होते. खाण्यापिण्याकडेही त्यांचे लक्ष असे. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ आणि चहा यांविरुद्ध ते आग्रहाने बोलत. चहाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने त्यांचे फारसे ऐकले नाही, हे कबूल केले पाहिजे.

शरीरासाठी यंत्रे नकोत म्हणणारा हा राजा यंत्रांचा शत्रू नव्हता. सन १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला नांगरांचा कारखाना बेळगावातून हलवावा लागला. जावे कोठे, हा प्रश्न पडला, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. तेथे किर्लोस्करवाडी वसली. ज्या किर्लोस्करांची इंजिने पुढे पुण्याजवळ खडकीस तयार होऊ लागली, त्यांना अडचणीच्या वेळी थारा मिळाला तो या लहानशा संस्थानात.

सन १९३६ मध्ये बाळासाहेब इंग्लंडात गेले. तेथे लुईझ मॉर्गन नावाच्या वार्ताहर बाई त्यांना भेटल्या. समोरचा गृहस्थ ६८ वर्षांचा आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना. अंग ताठ, चाल हलकी, चेहऱ्यावर तजेला. बाईंनी आपल्या वर्तमानपत्रात त्यांच्या व्यायामाविषयी लिहिले आणि पुढे बाळासाहेबांचे पुस्तक संपादन केले. ते १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. औंधाच्या वाड्यातले नमस्कार अशा रीतीने समुद्रापलीकडील लोक शिकू लागले.

त्यानंतर वर्षभरातच, १९३९ साली, महात्मा गांधींच्या सल्ल्याने बाळासाहेबांनी राज्याची सत्ता आपण होऊन प्रजेच्या हाती दिली. सन १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. गादी गेली, पण ज्यासाठी गादी लागतच नाही, असा त्यांचा तो सकाळचा नेम सत्तरी उलटल्यावरही चालू होता. सन १९५१ मध्ये ते वारले. त्यांनी जमविलेली चित्रे आणि शिल्पे यमाईच्या डोंगरावरील संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. तेथे जाण्यास चढ चढावा लागतो.