आर्थर कॉलिन्स

आर्थर अँड्र्यूज कॉलिन्स (९ सप्टेंबर, १९०९ - २५ फेब्रुवारी, १९८७) हे अमेरिकन रेडिओ अभियंते आणि कॉलिन्स रेडिओ कंपनीचे संस्थापक होते. हौशी रेडिओ संचांची वारंवारता स्थिर राखण्याच्या कामासाठी त्यांची कंपनी विशेष ओळखली जाते.

जीवन

कॉलिन्स यांचा जन्म ओक्लाहोमा राज्यातील किंगफिशर येथे झाला. त्यांचे बालपण आयोवामधील सीडर रॅपिड्स येथे गेले. १९२५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी स्वतः बांधलेल्या संचावरून ग्रीनलंडला गेलेल्या मॅकमिलन मोहिमेशी संपर्क साधला. अमेरिकी नौदलाच्या केंद्रांना हा संपर्क नियमितपणे साधत नव्हता. कॉलिन्स मोहिमेचे संदेश उतरवून घेत आणि तारेने वॉशिंग्टनला पाठवीत. १९३३ साली त्यांनी कंपनी स्थापन केली. बर्ड यांच्या अंटार्क्टिक मोहिमेस तिने रेडिओ उपकरणे पुरविली.

वारंवारतेची स्थिरता

त्या काळच्या संचांत वारंवारता बदलण्यासाठी बहुधा फिरत्या पत्र्यांचा कपॅसिटर वापरीत. व्हॉल्व्ह तापले की सभोवतालचे भाग प्रसरण पावत आणि वारंवारता हळूहळू सरके. सिंगल साइडबँड पद्धतीत वाहक लहर पाठविली जात नाही. त्यामुळे शे-दोनशे हर्ट्झच्या फरकानेही आवाज विकृत होतो. यावर उपाय म्हणून कॉलिन्स कंपनीने वेटोळ्यात लोहचूर्णाचा गाभा स्क्रूच्या साहाय्याने आतबाहेर सरकविणारा ऑसिलेटर वापरला. आर्द्रतेपासून संरक्षणासाठी तो बंदिस्त डबीत ठेवलेला असे. १९५९ च्या केडब्ल्यूएम-२ या ट्रान्सीव्हरमध्ये हा ऑसिलेटर केवळ २.५ ते २.७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो; उच्च वारंवारतांचे काम स्फटिक करतात. त्यामुळे वरच्या पट्ट्यांवर गेल्याने ऑसिलेटरचे सरकणे अनेक पटींनी वाढत नाही.

उत्तरकाळ

१९६० च्या दशकात संगणक व दूरसंचार यांना एकत्र आणणाऱ्या प्रणालीवर कॉलिन्स यांनी मोठा खर्च केला. कंपनी आर्थिक अडचणीत आली. १९७१ मध्ये नॉर्थ अमेरिकन रॉकवेलने तिच्यात भांडवल गुंतविले आणि पुढील वर्षी कॉलिन्स यांना प्रमुखपद सोडावे लागले. १९७३ मध्ये कंपनी रॉकवेलमध्ये विलीन झाली. त्यानंतरही त्यांनी संशोधन चालू ठेवले. त्यांचे निधन डॅलस येथे झाले.

वारसा

कॉलिन्स संच आजही हौशी रेडिओचालक वापरतात. जुन्या संचाची वारंवारता सरकू लागल्यास प्रथम तो पुरेसा तापू देतात, मग ऑसिलेटरचा विद्युतदाब, व्हॉल्व्ह आणि तापमानाची भरपाई करणारे कपॅसिटर तपासतात. गाभ्याची यंत्रणा मात्र शक्यतो शेवटी उघडतात, कारण तिची जुळणी बिघडल्यास तबकडीवरील आकडे चुकू लागतात.