किरणांचा मापाडी : रोल्फ सीव्हर्ट

माझे आजोळ पेडण्याचे. थोरले मामा डिचोलीच्या एका दवाखान्यात क्ष-किरण यंत्र चालवीत. अंगावर शिशाचा एप्रन त्यांना कधी मिळाला नाही. उतारवयात बोटांची कातडी टणक होऊन फुटू लागली. ते हात आठवले की मला रोल्फ सीव्हर्ट यांचे स्मरण होते.

६ मे १८९६ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांचा केबलचा कारखाना. मुलाचा ओढा मात्र पदार्थविज्ञानाकडे. तिथल्या रेडियम रुग्णालयात त्यांनी रोग्याच्या अंगावर पडणारे किरण मोजण्याची साधने घडविली. पूर्वी सारा कारभार अंदाजपंचे. कातडी लाल झाली की मात्रा पुरी झाली, असे डॉक्टर समजत. जे मोजता येत नाही, त्यापासून जपावे तरी कसे? १९२८ साली स्टॉकहोमलाच किरणसंरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. १९५६ ते १९६२ या काळात तिचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

१९६६ साली ते निवर्तले. १९७९ मध्ये किरणमात्रेच्या एककाला त्यांचे नाव मिळाले. निसर्गाकडून माणसाला वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतेच. जपायचे ते त्यावरच्या भाराला.

आज मामांची नात त्याच कामावर आहे. तिच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो, आणि हात धडधाकट आहेत.