सफरचंदाची माशी आणि बेंजामिन वॉल्श

काळे अंग, पाठीवर पांढरा ठिपका, पंखांवर वेडेवाकडे काळे पट्टे, आकाराने घरमाशीहून किंचित लहान. एक माशी हॉथॉर्न या काटेरी रानझाडाच्या लालचुटूक फळातून निघालेली, दुसरी सफरचंदातून. भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या तरी दोघींत भेद करता येत नव्हता. मग या दोन प्रजाती की एकच? अमेरिकेत १८६७ साली या प्रश्नाला हात घालणारे बेंजामिन डॅन वॉल्श यांनी कीटकशास्त्राचे रीतसर शिक्षण कधीच घेतलेले नव्हते. तोवर त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे शेतीत आणि लाकडाच्या व्यापारात गेली होती.

वॉल्श यांचा जन्म १८०८ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शिकले आणि तेथेच फेलो झाले. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही घरच्यांची इच्छा त्यांनी मानली नाही. विद्यापीठाच्या कारभारावर टीका करणारे लेखन त्यांनी केले आणि १८३७ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ग्रीक प्रहसनांचा इंग्रजी पद्यानुवाद प्रसिद्ध केला. ग्रीक प्रहसनातला बोचरा विनोद पुढे त्यांच्या कीटकविषयक लेखांतही उतरला असावा, असे ते लेख वाचताना वाटत राहते. १८३८ मध्ये पत्नीसह ते अमेरिकेला गेले आणि इलिनॉय राज्यातील हेन्री परगण्यात शेती करू लागले. बारा-तेरा वर्षांनी परिसरात हिवतापाने ठाण मांडले तेव्हा ते मिसिसिपी नदीकाठच्या रॉक आयलंड गावी आले आणि त्यांनी लाकडाची वखार घातली. नगरपालिकेच्या कारभारातील भानगडी बाहेर काढण्यासाठी एकदा निवडणूक लढवून ते जिंकलेही. पन्नाशीच्या सुमारास व्यापार आवरता घेऊन त्यांनी तरुणपणीचा किडे जमवण्याचा छंद पुन्हा हाती घेतला.

तो छंद त्यांना चार्ल्स डार्विन यांच्यापर्यंत घेऊन गेला. केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना डार्विन यांच्या खोलीवर दोघांची ओळख झाली होती. तीस-बत्तीस वर्षांनंतर, १८६४ मध्ये, वॉल्श यांनी त्या भेटीची आठवण देत पत्र लिहिले. डार्विन यांचा प्रजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ वाचून त्यांचे मत पालटले होते. प्रत्येक प्रजाती स्वतंत्रपणे निर्माण केली गेली, असे मानणारे लुई अगासिझ तेव्हा अमेरिकेत मोठे वजन राखून होते. आडगावी राहणाऱ्या वॉल्श यांनी त्यांच्यावर उघड टीका केली. डार्विन यांच्याशी सुरू झालेला पत्रव्यवहार वॉल्श यांच्या मृत्यूपर्यंत चालला.

त्याच वर्षी वॉल्श यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातले निरीक्षण साधे आहे. एकमेकांशी हुबेहूब जुळणारे कीटक वेगवेगळ्या झाडांवर वाढतात. अशा वेळी खाद्यवनस्पती बदलली म्हणून प्रजाती बदलली असे म्हणायचे का? वॉल्श यांनी यात दोन पायऱ्या पाहिल्या. निराळ्या झाडांवर वाढलेले कीटक आपापसांत जुगत असतील तर ते एकाच प्रजातीचे दोन उपप्रकार. जुगणे थांबले असेल तर त्या दोन प्रजाती, मग त्या दिसायला कितीही सारख्या असोत. पहिल्या पायरीवरून हळूहळू दुसरीवर जाता येते, हे त्यांचे खरे म्हणणे होते. त्याच वर्षी त्यांनी सिकॅमोर झाडावरच्या एका पतंगाला स्वतंत्र नाव दिले. हा प्रौढ पतंग आपल्या जवळच्या भाईबंदापासून आजही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. सुरवंट मात्र सहज ओळखू येतात, कारण याच्या सुरवंटाला नारिंगी केसांचे झुपके असतात. प्रौढ कीटक टाचणीला टोचून पाहणाऱ्या त्या काळच्या संग्राहकांना हा भेद कसा दिसावा? वॉल्श किडे पाळत, ते कोणत्या झाडावर सापडले याची नोंद ठेवत, म्हणून तो त्यांना दिसला.

सफरचंदाच्या माशीने या विचाराची परीक्षा घेतली. सफरचंद हे अमेरिकेचे मूळ फळ नव्हे. सतराव्या शतकात युरोपीय वसाहतकारांनी ते तेथे नेले. हॉथॉर्न मात्र तिथलाच, आणि त्याच्या फळातली अळीही तिथलीच. जवळजवळ दोन शतके सफरचंदे या माशीपासून सुरक्षित राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्ककडच्या बागांतून तक्रारी येऊ लागल्या की फळ वरून चांगले दिसते, कापले की आत तपकिरी भुयारे आणि पांढऱ्या अळ्या. वॉल्श यांच्या इलिनॉयमध्ये हॉथॉर्नवर तीच माशी होती, पण तिथल्या सफरचंदांना ती शिवत नव्हती. माशी तीच, झाडे दोन्हीकडे तीच, मग उपद्रव एकीकडेच का? पूर्वेकडे या माशीच्या एका गटाने आपले झाड बदलले आणि तो गट मूळ गटापासून वेगळा होऊ लागला आहे, असे उत्तर वॉल्श यांनी सुचवले. माशीला त्यांनी पोमोनेला हे नाव दिले. रोमन लोकांच्या फळदेवतेचे नाव पोमोना.

बागायतदाराला या वादाशी काय देणेघेणे, असे वाटू शकेल. गोव्या-कोकणातल्या आंबेवाल्याला तरी तसे वाटू नये. मिथिल युजेनॉलच्या सापळ्यात आपल्याकडे बॅक्ट्रोसेरा वंशाच्या तीन माश्यांचे नर सापडतात. त्यांतील डॉर्सालिसच्या पंखाच्या पुढच्या कडेला सलग पट्टा असतो. झोनाटा आणि करेक्टा यांचा पट्टा तुटलेला असून टोकाला ठिपका असतो. या दोघींत फरक चेहऱ्यावर पाहायचा: झोनाटाचे दोन काळे ठिपके सुटे, करेक्टाचे आडवे पसरलेले. इथवर भिंग पुरते. डॉर्सालिसच्या भाऊबंदांत मात्र तज्ज्ञही अडकले. १९९४ मध्ये आशियातील या गटात पन्नासहून अधिक प्रजाती मोजल्या गेल्या. २००५ मध्ये आफ्रिकेत पोहोचलेल्या माशीला इन्व्हाडेन्स असे वेगळे नाव मिळाले. २०१५ मध्ये ती आणि पपयीवरची पपाये या दोन्ही डॉर्सालिसच आहेत असे ठरले. त्यांचा संकर होतो आणि तो प्रजननक्षम असतो, हा त्यामागचा एक मुख्य पुरावा. वॉल्श यांची कसोटी ती हीच. फळमाश्यांमुळे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूस अडवला होता, हे ज्यांना आठवते त्यांना कोणत्या देशात कोणती माशी आहे या नोंदीची किंमत वेगळी सांगायला नको.

१८६७ मध्ये वॉल्श इलिनॉय राज्याचे पहिले शासकीय कीटकशास्त्रज्ञ झाले, तेही हंगामी. शेतकऱ्यांसाठीच्या मासिकाचे संपादन करताना किड्यांवरची रामबाण औषधे विकणाऱ्या भोंदूंची ते कठोर थट्टा करीत. चार्ल्स रायली या तरुण सहकाऱ्यासह त्यांनी १८६८ मध्ये नवे मासिक काढले. त्याच वर्षी दोघांनी तेरा वर्षांनी जमिनीतून वर येणाऱ्या सिकाडा कीटकाला सतरा वर्षांनी येणाऱ्यापासून वेगळे नाव दिले. रूप जवळपास एकच, फरक काळाचा.

नोव्हेंबर १८६९ मध्ये रॉक आयलंड येथे रेल्वेमार्गाने चालताना ते हातातले पत्र वाचण्यात गढले होते. गाडीने धडक दिली आणि पाय चिरडला. बुचाचा पाय बसवला की त्यात टाचण्या टोचता येतील, बाटलीचे बूच हरवले तर त्यातूनच कापून घेता येईल, असा विनोद त्यांनी अंथरुणावरून केल्याचे सांगतात. काही दिवसांतच, १८ नोव्हेंबरला, त्यांचे निधन झाले. त्यांचा कीटकसंग्रह राज्याने विकत घेऊन शिकागोत ठेवला. १८७१ च्या भीषण आगीत तो जळून खाक झाला.

त्यामुळे वॉल्श यांचे म्हणणे पडताळायचे तर पुन्हा बागांतच जाणे भाग होते. ते काम गंभीरपणे सुरू व्हायला जवळजवळ शतक जावे लागले. १९६० च्या दशकात गाय बुश यांनी या माश्यांचा नव्याने अभ्यास केला. या माश्या फळावरच जुगतात, म्हणजे झाडाची निवड हीच जोडीदाराची निवड ठरते. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकते, आणि सफरचंदाच्या माश्याही मातीतल्या कोषांतून आधी बाहेर पडतात. १९८८ मध्ये दोन गटांच्या आनुवंशिक घडणीतला फरक प्रयोगशाळेत दाखवला गेला. तरीही थोडाफार संकर त्यांच्यात अजून होतो. वॉल्श यांच्या दोन पायऱ्यांमध्ये त्या कुठेतरी आहेत, आणि आजही दोघींना पोमोनेला हे एकच नाव आहे.