पब्जीच्या ६५ वर्षं आधी कॉमिक्सना 'व्हिलन' ठरवणारा डॉक्टर: कोण होते फ्रेडरिक वर्थम?

जानेवारी २०१९. गल्लोगल्ली पब्जीचं वेड होतं. तेव्हाच मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. ती ११ वर्षांच्या एका मुलाच्या वतीने, त्याच्या आईमार्फत करण्यात आली होती. मागणी अशी, की हा गेम हिंसेला आणि आक्रमकतेला खतपाणी घालतो, त्यामुळे त्यावर बंदी घाला. दोन महिन्यांनी गुजरातमध्ये राजकोट पोलिसांनी शहरात पब्जीवर बंदी घातली आणि तो खेळणाऱ्या तरुणांना पकडलंही.

हे सगळं मोबाइलच्या जमान्यातलं वाटतं. पण गेमच्या जागी कॉमिक्स ठेवा, राजकोटच्या जागी न्यूयॉर्क ठेवा आणि ६५ वर्षं मागे जा. तीच भीती आणि तीच मागणी दिसेल. त्या वादाच्या केंद्रस्थानी होते डॉ. फ्रेडरिक वर्थम.

कॉमिक्सप्रेमींसाठी ते आजही 'व्हिलन' आहेत. पण त्यांची पूर्ण गोष्ट वाचली तर त्यांना एवढ्या एका शब्दात बसवणं अवघड जातं.

न्यूरेम्बर्ग ते न्यूयॉर्क

वर्थम यांचा जन्म २० मार्च १८९५ चा, जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरातला. मूळ नाव फ्रिडरिश इग्नाझ वेर्टहायमर. १९२१ मध्ये वुर्झबर्ग विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. आधुनिक मानसोपचारशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या एमिल क्रेपेलिन यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं.

१९२२ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रुजू झाले. पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, नावही बदललं. १९३२ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. तिथे बेलव्ह्यू हॉस्पिटलशी जोडलेल्या क्लिनिकमध्ये कोर्टाने पाठवलेल्या गुन्हेगारांची मानसिक तपासणी करायचं काम त्यांच्याकडे आलं.

१९३५ मध्ये लहान मुलांचा जीव घेणाऱ्या अल्बर्ट फिशचा खटला गाजत होता. वर्थम बचाव पक्षाकडून उभे राहिले आणि फिश मानसिकदृष्ट्या आजारी असल्याची साक्ष दिली. ज्युरीने ती मानली नाही. जानेवारी १९३६ मध्ये फिशला मृत्युदंड देण्यात आला. पण माणूस हिंसक का होतो, हा प्रश्न वर्थम यांच्या डोक्यात कायमचा बसला.

२५ सेंट फी, चर्चचं तळघर

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय लोकांना मानसोपचार मिळणं जवळपास अशक्य होतं. वर्णभेद होता आणि गरिबीही होती. वर्थम यांनी सरकारी मदत मिळवायचा प्रयत्न केला, पण दाद मिळाली नाही.

शेवटी १९४६ मध्ये लेखक रिचर्ड राइट यांच्यासारख्या साथीदारांना घेऊन त्यांनी सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात 'लाफार्ग क्लिनिक' सुरू केलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते उघडं असायचं. फी होती २५ सेंट. डॉक्टर आणि कर्मचारी स्वयंसेवक म्हणून यायचे. हे क्लिनिक दहा वर्षांहून जास्त काळ चाललं.

या क्लिनिकने अमेरिकेचा इतिहास बदलायलाही हातभार लावला. डेलावेअर राज्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. त्याविरोधात खटला सुरू असताना तिथल्या दोन्ही वर्णांच्या मुलांना लाफार्ग क्लिनिकमध्ये आणून तपासण्यात आलं. १९५१ मध्ये वर्थम यांनी कोर्टात साक्ष दिली, की वेगळं ठेवल्यामुळे मुलांच्या मनावर खोल परिणाम होतो. १९५२ मध्ये न्यायाधीश कॉलिन्स साइट्झ यांनी कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश द्यायचा आदेश दिला आणि निकालात वर्थम यांच्या साक्षीची दखल घेतली.

हाच खटला पुढे 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या प्रसिद्ध प्रकरणात सामील झाला. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

मग कॉमिक्स कुठून आली?

त्याच क्लिनिकमधून. वर्थम यांच्याकडे मारामारी, चोरी, शाळा बुडवणं अशा तक्रारी असलेली मुलं यायची. त्यांच्या लक्षात आलं, की यातली बहुतेक मुलं कॉमिक्स वाचतात. तेव्हाच्या गुन्हेगारी आणि भयकथांच्या कॉमिक्समध्ये खून, छळ, रक्तपात भरपूर असायचा. वर्थम यांनी या दोन गोष्टींची जोडणी केली.

अडचण अशी, की तेव्हा अमेरिकेतली जवळपास सगळीच मुलं कॉमिक्स वाचायची. अभ्यासात पहिली येणारीही आणि खिडक्यांच्या काचा फोडणारीही. मुंबईतल्या तुरुंगातल्या बहुतेक कैद्यांनी कधी ना कधी वडापाव खाल्ला असेल. म्हणून वडापावमुळे गुन्हे होतात असं कोणी म्हणत नाही. डेलावेअरच्या वेळी वर्थम यांनी दोन्ही बाजूंची मुलं तपासली होती. कॉमिक्सच्या बाबतीत, ती वाचूनही सरळ वाढलेल्या मुलांशी तुलनाच केली नाही.

१९४८ पासून त्यांचे लेख मोठ्या मासिकांतून येऊ लागले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या काही गावांत मुलांकडून कॉमिक्स गोळा करून चक्क होळी करण्यात आली. नाझींनी पुस्तकं जाळली त्याला तेव्हा जेमतेम १५ वर्षं झाली होती.

एप्रिल १९५४ मध्ये वर्थम यांचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक आलं. गुन्हेगारी कॉमिक्सवर त्यात टीका होतीच, शिवाय बॅटमॅन, सुपरमॅन आणि वंडर वुमनही सुटले नाहीत. जंगलातल्या साहसकथांमध्ये आफ्रिकी लोकांना ज्या पद्धतीने दाखवलं जातं, त्यातला वर्णद्वेषही त्यांनी दाखवून दिला. तो मुद्दा रास्त होता.

सिनेटपुढची सुनावणी

२१ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक्सवर सुनावणी झाली. वर्थम यांनी १५ वर्षांखालच्या मुलांना अशी कॉमिक्स विकायला बंदी घालावी, अशी मागणी केली. त्याच दिवशी 'ईसी कॉमिक्स'चे प्रकाशक विल्यम गेन्स यांचीही साक्ष झाली. सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी एक मुखपृष्ठ समोर धरलं. त्यावर एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचं तुटलेलं डोकं धरलेला माणूस होता. गेन्स ते चित्र अभिरुचीला धरून असल्याचं सांगत बसले आणि कॉमिक्सची बाजू तिथेच पडली.

सरकारी बंदी आली नाही. पण घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. झॉम्बी, व्हॅम्पायर हद्दपार झाले. शेवटी चांगल्याचाच विजय दाखवणं बंधनकारक झालं. अनेक कंपन्या बंद पडल्या, कित्येक चित्रकार-लेखकांचं काम गेलं.

वर्थम यांना हा कोड कधीच पटला नाही. त्यांच्या मते ती धूळफेक होती. पुढे तर वेगळाच प्रकार घडला. १९५६ मध्ये गेन्स यांच्या एका वर्णभेदविरोधी कथेचा नायक कृष्णवर्णीय अंतराळवीर होता. कोडच्या अधिकाऱ्यांनी नेमका त्यावरच आक्षेप घेतला. गेन्स यांनी ती कथा न बदलता छापली. वर्णभेदाविरोधात लढलेल्या डॉक्टरच्या मोहिमेतून जन्मलेला कोड वर्णभेदविरोधी कथेच्याच आड आला.

या भीतीचं वारं भारतातही होतं. ब्रिटनने १९५५ मध्ये मुलांसाठी हानिकारक प्रकाशनांविरोधात कायदा केला आणि १९५६ मध्ये भारतानेही तसाच कायदा आणला. गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाणे प्रसंग दाखवून २० वर्षांखालच्या मुलांना बिघडवू शकेल अशा साहित्याची विक्री त्यात गुन्हा ठरवली गेली.

कागदपत्रं उघडली आणि...

वर्थम यांनी नंतर टीव्हीतल्या हिंसेवर आणि नाझी राजवटीत रुग्णांना मारणाऱ्या डॉक्टरांवरही लिहिलं. १९७३ मध्ये त्यांनी चाहत्यांनी स्वतः काढलेल्या हौशी मासिकांचं कौतुक करणारं पुस्तक लिहिलं. त्यातली बरीच मासिकं विज्ञानकथा आणि कॉमिक्सची होती! पण कॉमिक्सवाल्यांनी त्यांना माफ केलं नाही. १८ नोव्हेंबर १९८१ रोजी पेनसिल्व्हेनियात त्यांचं निधन झालं.

त्यांची कागदपत्रं अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये ठेवली होती. २०१० मध्ये ती अभ्यासकांसाठी खुली झाली. इलिनॉय विद्यापीठातल्या कॅरल टिली यांनी मूळ नोंदी पुस्तकाशी ताडून पाहिल्या, तेव्हा धक्कादायक गोष्टी समोर आल्या.

दोन वेगवेगळ्या तरुणांचं बोलणं एकाच्याच तोंडी घालण्यात आलं होतं. बॅटमॅनपेक्षा आपल्याला टारझन आणि सब-मरिनर जवळचे वाटत, हे त्यांचं सांगणं पुस्तकात आलंच नव्हतं. शाळा बुडवणाऱ्या १३ वर्षांच्या एका मुलीचा दोष कॉमिक्सच्या माथी होता. ती टोळीत होती, घरातून पळाली होती, तिला वाचायला जड जायचं, हे सगळं नोंदींत होतं. पुस्तकात नव्हतं.

कॉमिक्स बदनाम झाली हे नुकसान तर आहेच. पण खरा फटका बसला तो त्या मुलीला. तिच्या आयुष्यातली खरी संकटं एका तज्ज्ञाने ऐकली, लिहून घेतली आणि मग गाळली. त्या संकटांवर देशात चर्चा झालीच नाही.

आज हे का आठवायचं?

कारण तो वाद संपला नाही, त्यातला आरोपी बदलला. १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटने 'मॉर्टल कॉम्बॅट'सारख्या गेम्सवर सुनावणी घेतली. १९५४ सारखंच इथेही उद्योगाने स्वतःच नियमन आणलं. १९९४ मध्ये वयानुसार रेटिंग सुरू झालं. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांना हिंसक गेम विकण्यावरचा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द केला. त्या निकालात वर्थम यांच्या कॉमिक्सविरोधी मोहिमेचा उल्लेख आहे. योगायोग म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रकाशकांनी कॉमिक्स कोडला रामराम ठोकला तोही २०११ मध्येच.

संशोधन काय सांगतं? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२० च्या भूमिकेनुसार हिंसक गेम्स आणि ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकतेत छोटासा संबंध दिसतो. पण प्रत्यक्ष हिंसक गुन्ह्यांचं खापर गेम्सवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. तसं केल्यास इतर कारणांकडे दुर्लक्ष होतं, असंही ही संस्था बजावते.

म्हणजे मुलं काय बघतात याकडे पालकांनी लक्ष द्यायलाच हवं. वर्थम यांची ती काळजी खोटी नव्हती. पण पुढच्या वेळी गेममुळे मुलाने अमुक केलं अशी बातमी फॉरवर्ड करताना एक गोष्ट तपासून बघा. त्या मुलाच्या घराबद्दल, शाळेबद्दल, मित्रांबद्दल त्यात काही लिहिलंय का? की १९५४ सारखंच, तेवढा भाग गाळलाय?