लिटल वॉल्टर

कोराडीच्या जगदंबेच्या नवरात्रांत कर्ण्याचा आवाज फाटूं लागला कीं आपण कानांवर हात ठेवितों. तसाच फाटका आवाज ज्यानें संगीताच्या कामीं लाविला, त्याचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतांत जन्मलेला वॉल्टर जेकब्स हा गरीब कृष्णवर्णीय मुलगा शाळा सोडून शिकागोस आला व मडी वॉटर्सच्या ताफ्यांत शिरला. विजेच्या गिटारीपुढें माउथ ऑर्गनचा नाजूक स्वर बुडून जाई. तेव्हां त्यानें साधा मायक्रोफोन वाद्यासह ओंजळींत घट्ट धरून व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकास जोडिला. व्हॉल्व्हवर शक्तीबाहेर भार पडून स्वर दाट व खरखरीत झाला. तो दोष न मानतां त्यानें त्यांतूनच नवें वादन घडविलें. १९५२ सालची त्याची ‘जूक’ ही गत ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादींत आठ आठवडे अग्रस्थानीं होती. सभांतील जुने व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक कित्येक वादक आजही मुद्दाम शोधतात, ते ह्याच स्वरासाठीं.

मद्य व संताप मात्र त्यास आवरले नाहींत. एका मारामारीनंतर १५ फेब्रुवारी १९६८ रोजीं तो अकालीं वारला. यंत्राचा दोष ज्यानें गुण केला, त्यास स्वतःचा दोष जिंकतां आला नाहीं, ह्याची आम्हांस हळहळ वाटते.